उपवासकाळातला कोंबडा

आमच्या मराठी मंडळीची उपासना रविवारी सकाळी, हिंदी उपासनेच्या आधी होते. म्हणजे आम्ही लवकर उठायचं, लवकर गायचं आणि हिंदीवाले दारात येऊन उभे राहिले की आमेन म्हणून बाहेर पडायचं. चर्च सगळ्यांचं आहे. पंखे मात्र त्यांच्या वेळेला जास्त जोरात फिरतात असं मला वाटतं.

आमच्यातल्या कोणाचे आजे अमरावतीकडून रेल्वेत आले, कोणाचे यवतमाळकडून, कोणी नंतर स्टील प्लांटच्या नोकरीला. आता सगळे रायपुरातच पुरले जातात, म्हणून इकडचेच म्हणायचे.

उपासनेनंतर मागच्या खोलीत मी मुलांचा वर्ग घेते. मी चौथी शिकलेली बाई. मुलं मला टीचर म्हणतात आणि मी त्यांना अडवत नाही. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देतात. उत्तर बरोबर असलं तर मी भाषेचं काढत नाही. चुकीचं असलं तर दोन्हींचं काढते.

गेल्या वर्षी उपवासकाळ, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, लागायच्या थोडं आधी मंडळीचे खजिनदार माझ्याकडे आले. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. प्रत्येक गोष्ट पोचली की नाही हे पाहायची त्यांना सवय आहे.

"काकू, राग नका मानू," ते म्हणाले. "पोट्ट्याईले मराठी समजत नाही. कमिटीचं म्हणणं आहे, पाळकीणबाईंनी वर्ग घ्यावा. हिंदीत. टीव्ही लावून. तुम्ही आता आराम करा."

"आराम करून काय करू? मरू?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणून राहिले?"

पाळकसाहेब तरुण आहेत, नागपूरकडचे, कोणाला दुखवायला घाबरतात. त्यांनी मधला मार्ग काढला. ईस्टरपर्यंत वर्ग माझ्याकडे राहील. विषय कमिटीनं दिला: मोहाला नकार आणि विश्वासात वाढ. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मुलांनी मराठीत एक नाटक करून दाखवायचं. त्यावरून ठरेल.

"दिसलं पाहिजे," खजिनदार म्हणाले. "मुलं वाढली हे डोळ्याले दिसलं पाहिजे."

मला वर्ग पाहिजे होता. रविवारी तासभर मुलं मला काहीतरी विचारतात. बाकीचे दिवस गॅसवाला विचारतो, सिलेंडर आत ठेवू का, तेवढंच. हा वर्ग गेला असता तर गॅसवाल्यावर निभावावं लागलं असतं.

मी लगेच कामाला लागले. मुलांना म्हटलं, उपवासकाळात आवडती गोष्ट सोडायची. कोण काय सोडणार?

एकानं कारलं सोडलं. भनपुरीच्या ट्रकवाल्याचा मुलगा म्हणाला, "मैं गणित छोड़ूँगा."

"आवडतं ते सोडायचं."

"मेरे को गणित पसंद है, टीचर."

"खोटं बोलून राहिला."

त्यानं विचार केला. "फिर झूठ छोड़ देता हूँ."

"आणि गणित?"

"वो तो पसंद नहीं है. उसको कैसे छोड़ूँ?"

अशी ही मुलं. मोह म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तो टाळायचा काहून, एवढंच कळत नव्हतं. नुसतं बोलून भागणार नाही, समोर काहीतरी ठेवावं लागेल, हे मला तेव्हाच समजलं.

उपवासकाळाच्या आधीच्या शेवटच्या रविवारी ती वस्तू आपोआप आली. अभनपूरकडे शेती करणारं आमच्यातलं एक कुटुंब आहे. त्यांनी उपकारस्तुतीचं अर्पण म्हणून एक कोंबडा आणला. पाय बांधलेला, हडकुळा, नुसता पिसांचा. आमच्याकडे अर्पणात भोपळा, अंडी, तांदूळ जे येईल त्याचा उपासनेनंतर दारातच लिलाव होतो. खजिनदारांनी कोंबडा काखेत धरला आणि म्हणाले, "बोला."

कोणी बोललं नाही. बुधवारी उपवासकाळ लागणार, मग ईस्टरपर्यंत मांस बंद. तोवर याला पोसायचं कोणी?

"बोला, बोला. गावठी आहे."

"गावठी आहे की आजारी आहे?" मागून कोणीतरी विचारलं.

"तुम्हीच घेऊन जा ना, भाऊ," दुसरं कोणी म्हणालं.

कोंबड्यानं खजिनदारांच्या कोटावर आपलं मत दिलं. हिंदीवाले दारात उभे राहून पाहत होते. त्यांच्यासमोर देवाचं अर्पण असं पडून राहिलं, याची खजिनदारांना फार लाज वाटली. तेव्हा मी म्हटलं, "माझ्या वर्गाले द्या."

बेत साधा होता. उपवासकाळात दर बुधवारी संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असते. सगळी मंडळी त्या घरी जमते. कोंबडा पण तिथे जाईल आणि पुढच्या बुधवारपर्यंत त्याच घरी राहील. मुलांनी त्याला रोज दाणे घालायचे. समोर चांगलं जेवण चालतंफिरतं आहे आणि आपण त्याला हात लावायचा नाही, हा धडा. मन फारच ओढलं तर त्याच्याकडे पाठ फिरवायची आणि पाठ केलेलं बायबलमधलं वचन मराठीत म्हणायचं. ईस्टरला सगळ्यांनी मिळून त्याचा रस्सा खायचा. मांडी टीचरची, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. नंतर भांडण नको.

बेत बिघडला तो पाळकसाहेबांमुळे. पहिल्या बुधवारी प्रार्थना संपल्यावर त्यांनी कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हा जसा दिवसेंदिवस वाढेल, तसाच आपलाही विश्वास वाढो." बोलायला गोड होतं. सगळ्यांनी आमेन म्हटलं.

पण आमची मंडळी ऐकलेलं विसरत नाही, खासकरून विसरावं असं काही असलं तर. पुढच्या बुधवारी कोंबडा भनपुरीच्या ट्रकवाल्याकडून आला तो निराळाच दिसत होता. त्यांनी कनकी, म्हणजे तांदळाची कणी, घातली होती, वर भिजवलेला हरभरा. लोक म्हणाले, वा, त्या घरात प्रार्थना चांगली होते वाटतं. झालं. सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये नोकरी असलेल्या घरानं बदाम घातले. त्यांच्या अंगणात प्लांटची काळी राख पडते, वाळत घातलेले कपडेही काळे होतात. म्हणून कोंबड्याला घरात, कूलरसमोर ठेवला. गाण्याच्या चमूत वरच्या सुरात गाणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी उकडलेलं अंडं घातलं.

"कोंबड्याले अंडं?" मी विचारलं.

"ताकद येते."

"त्याले माहीत आहे का, काय खाऊन राहिला ते?"

"तुम्ही नका सांगू," त्या म्हणाल्या.

मग खजिनदारांनी पार्सल तोलायचा जुना काटा घरून आणला. प्रार्थना, गीत, आशीर्वाद, आणि आशीर्वादानंतर कोंबडा पायानं काट्याला लटकवायचा. खजिनदार चष्मा लावून वजन वाचायचे आणि घरधनी तोवर श्वास रोखून उभा. वजन वाढलं की देवाची स्तुती. एका घरी आठवडाभर ठेवूनही काटा जवळजवळ हलला नाही. ते नवरा-बायको पुढच्या रविवारी उपासनेला आलेच नाहीत. नंतर कळलं, त्यांच्याकडे फक्त कनकी घातली होती, म्हणजे कोंबड्यानं जे खायला पाहिजे तेच. तरी लोक बोललेच. "त्यांच्या घरी संध्याकाळची प्रार्थना बंदच आहे म्हणतात."

मुलं मात्र नेमानं वागत होती. सिलतऱ्याची मुलगी सगळ्यांत मोठी. ती बाकीच्यांना रांगेत उभं करायची, सगळे पाठ फिरवायचे आणि वचन म्हणायचे. आधी अडखळत, मग एका दमात. ट्रकवाल्याच्या मुलानं शाळेतही असंच केलं. मित्रानं समोसा पुढे केला तर हा पाठ फिरवून मोठ्यानं मराठीत वचन म्हणू लागला. शाळेतल्या मॅडमनी त्याच्या आईला बोलावून विचारलं, मुलाला काही त्रास आहे का?

मोह मोठ्यांनाच जास्त होता. अर्धा उपवासकाळ लौकी, पालक आणि मुनग्याच्या शेंगांवर काढल्यावर माणसाचं मन जागेवर राहत नाही. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना मी मुलांवर नजर ठेवायला माझे उघडे ठेवते. एका बुधवारी पाहिलं तर खजिनदारांचेही उघडे. कोंबड्यावर.

ते सिलतऱ्याच्या मुलीनंही पाहिलं. "अंकल, आँखें बंद," ती हळूच म्हणाली.

"मी त्याचा पाय पाहून राहिलो होतो. सुजल्यासारखा वाटतो."

"वो मांडी है, अंकल," ती म्हणाली.

शेवटचा आठवडा खजिनदारांच्या घरी होता. त्यांच्या बायकोनं काय काय घातलं ते मला सांगितलं नाही. फक्त शुक्रवारी कोंबडा टोपल्यात मावेना, म्हणून तो चर्चमध्ये कपडे धुवायच्या टबातून आला, स्कूटरवर, वर गोणपाट टाकून.

नाटक असं होतं. प्रभूला धरून नेल्यावर तो मोठा शिष्य अंगणात शेकोटीपाशी बसतो. तीन जण त्याला विचारतात, तू त्याच्या बरोबरचा ना? तो तीनदा नाही म्हणतो. मग कोंबडा आरवतो आणि शिष्य रडतो. शिष्य म्हणजे ट्रकवाल्याचा मुलगा. कोंबडा खराच. टबावर गोणपाट टाकायचं आणि योग्य वेळी उचलायचं. उजेड दिसला की तो सकाळ झाली समजून आरवायचा, हे आम्ही सुरुवातीला, तो हडकुळा असताना, पाहून ठेवलं होतं. मुलाला मी बजावलं होतं, "कोंबडा आरवेपर्यंत नाही म्हणत राहायचं. मध्ये थांबशील तर नाटक पडेल."

उत्तम शुक्रवारची दुपारची उपासना. चर्च भरलेलं, बाहेर ऊन, आत सगळे गंभीर. तीन मुलींनी तीनदा विचारलं. तो तीनदा म्हणाला, "मी त्या माणसाले ओळखत नाही." चांगलं म्हणाला. गोणपाट उचललं.

कोंबडा बसून होता. त्यानं मान वर करायचा प्रयत्न केला. मान गळ्याच्या चरबीत परत बसली.

सिलतऱ्याची मुलगी हुशार. ती पुन्हा पुढे झाली. "तू त्याच्याच बरोबरचा. तुझ्या बोलण्यावरून समजते. तू अमरावतीचा ना?"

"मी रायपूरचा. मी त्याले ओळखत नाही."

गोणपाट खाली, गोणपाट वर. कोंबडा गप्प.

"तू त्याच्या संग जेवला ना?"

"मी जेवलोच नाही. उपवास आहे."

"त्याच्या बाराही शिष्याईले ओळखतो ना?"

"एकालेही नाही."

"पाळकसाहेबाईले?"

"नाही."

"आपल्या बापाले?"

मुलानं पहिल्या रांगेत बसलेल्या बापाकडे पाहिलं. त्याला घाम फुटला होता. पण टीचरनं सांगितलं होतं, थांबायचं नाही. "मी त्या माणसाले ओळखत नाही," तो म्हणाला. बापानं खाली पाहिलं.

पाळकसाहेब घड्याळ पाहत होते. दारात हिंदीवाले जमायला लागले होते. विचारून विचारून मुलीचे प्रश्न संपत आले होते. तेवढ्यात खजिनदार उठले. त्यांनी दोन्ही हात तोंडापाशी नेले, मान वर केली आणि आरवले.

खरं सांगते, फार चांगले आरवले. लहानपण खेड्यात गेलेलं दिसत होतं. मुलगा हुंदके देऊन रडायला लागला, आणि ते रडणं शिकवलेलं नव्हतं. मंडळीतल्या दोन-तीन बायका पण रडल्या. मग टबातून उत्तर आलं. दुसरा कोंबडा आपल्या हद्दीत शिरला असं त्याला वाटलं असेल. तो उठून उभा राहिला आणि पाळकसाहेबांचं प्रवचन संपेपर्यंत खजिनदारांच्या दिशेनं आरवत राहिला.

बाहेर आल्यावर खजिनदार माझ्याशी हळू आवाजात बोलले. ते हळू बोलतात तेव्हा फार रागात असतात.

"काकू, शास्त्रात तीनदा आहे."

"माहीत आहे मले."

"पोरानं प्रभूले नाकारलं, पाळकाले नाकारलं, सख्ख्या बापाले नाकारलं. वाढ झाली, हे मी मानतो. पण कोंबड्याची झाली." कोटाची बाही झटकत म्हणाले, "वर्गाचं ईस्टरले बोलू."

बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. शनिवारी मी मागच्या खोलीतली माझी चटई घरी आणली. ती माझीच होती.

ईस्टरला पहाटेची उपासना कब्रस्तानात असते. तिथून सगळे चर्चच्या आवारात परतले तेव्हा चुलीवर मोठं पातेलं, आमच्याकडे गंज म्हणतात ते, चढलेलं होतं. कांदा तळला जात होता, मसाला वाटून तयार होता. इतक्या दिवसांनी तो वास. माणसं हॅपी ईस्टर म्हणत हात मिळवत होती आणि सगळ्यांची तोंडं गंजाकडे. खजिनदार सुरी घेऊन उभे होते. ते कमिटीत आल्यापासून कापायचं काम त्यांच्याकडेच आहे.

"आणा त्याले," ते म्हणाले.

मुलांनी टब आणला. खाली ठेवला. मग सिलतऱ्याच्या मुलीनं रांग लावली आणि सगळी मुलं टबाच्या आणि गंजाच्या मध्ये उभी राहिली. गंजाकडे पाठ करून. आणि वचन म्हणायला लागली, मराठीत, एका दमात.

मी त्यांना असं काही सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यात मांडी होती.

"हे काय करून राहिले?" खजिनदारांनी विचारलं.

"मोह आला, अंकल," मुलगी म्हणाली. "टीचरनं सांगितलं होतं, मोह आला की पाठ फिरवायची."

"बेटा, उपवास संपला. आज मोह नाही. आज सण आहे."

"काल मोह होता?"

"हव."

"आज नाही?"

"नाही."

"तोच कोंबडा आहे, अंकल."

खजिनदारांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब स्वतःच्या बुटांकडे पाहत होते. मुलगी पुढे म्हणाली, "टीचर म्हणते, अरण्यात प्रभूचे चाळीस दिवस झाल्यावर सैतान चालला गेला, पण संधी पाहून परत येणार होता. आपले पण दिवस झाले. आणि तुम्ही सुरी घेऊन आले."

कोणी हसलं नाही. हसणं शक्य नव्हतं, सगळ्यांना भूक होती. ट्रकवाल्याचा मुलगा पाठ फिरवूनच म्हणाला, "आणि मी याले ओळखतो. खूप दिवस झाले, ओळखतो."

"काकू," खजिनदार मला म्हणाले, "सांगा पोट्ट्याईले. तुमचं ऐकतील."

ऐकलं असतं. तेच तर वाईट होतं. मी हो म्हटलं असतं तर मुलांनी मुकाट टब पुढे केला असता, मला मांडी मिळाली असती, आणि सोमवारपासून मी गॅसवाल्याशी बोलत बसले असते. नाही म्हटलं तर एवढी मंडळी नुसता मसाला खाणार. मी कांद्याचा वास घेतला. मोठा श्वास घेतला, कारण तेवढंच मिळणार होतं.

"भाऊ," मी म्हटलं, "तुम्ही म्हणाले होते, डोळ्याले दिसलं पाहिजे. दिसून राहिलं का?"

त्यांनी सुरी या हातातून त्या हातात घेतली.

"आणि मराठीत," मी म्हटलं.

त्यांनी गंजाकडे पाहिलं, मुलांच्या रांगेकडे पाहिलं, रांगेच्या फटीतून कोंबड्याकडे पाहिलं. एवढ्या प्रेमानं मी त्यांना बायकोकडेही पाहताना पाहिलं नाही. मग सुरी कागदात गुंडाळली.

"दिसून राहिलं," ते म्हणाले. "अंडी आणा कोणीतरी. अंडं चालते का, विचारा त्याईले."

मुलांनी डोकी जवळ आणून बराच वेळ चर्चा केली. शेवटी मुलगी म्हणाली, "चालते. अंडं आपल्या वर्गातलं नाही."

वर्ग माझ्याकडे राहिला. कमिटीत त्याबद्दल कोणी विषय काढला नाही, कारण विषय काढला की कोंबड्याचा निघतो. त्याला आता कोणी कापू शकत नाही. तो खजिनदारांच्या अंगणात असतो, कारण एवढं मोठं अंगण फक्त त्यांचंच आहे. त्यांना पाहिलं की तो आरवतो. ते म्हणतात, सवय झाली. पाळकीणबाईंचा टीव्ही आता मुलं ईस्टरनंतरच्या सुट्टीत पाहतात, त्याला माझी हरकत नाही.

या वर्षी उपवासकाळाच्या आधीच्या रविवारी अभनपूरच्या कुटुंबानं बकरी आणली. चांगली गुबगुबीत. ती दारात बांधली गेली तेव्हा माझा वर्ग नुकताच सुटला होता. मुलं तिच्याभोवती जमली आणि सिलतऱ्याच्या मुलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. खजिनदारांनी ते पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लिलाव त्यांनीच करायचा असतो, पण "बोला" म्हणायच्या आतच त्यांनी स्वतःची बोली लावली, स्वतःच पक्की केली आणि बकरीची दोरी सोडून तिला घेऊन निघाले. मुलांनी वाट अडवायच्या आधी ते रस्त्याला लागले होते.

मंगळवारी दुपारी, उपवासकाळ लागायच्या आदल्या दिवशी, त्यांच्या घरून माझ्याकडे डबा आला. उघडून पाहिलं. मांडीचा तुकडा होता, वर भरपूर रस्सा.

मी पाठ फिरवली नाही.